लाजाळू खडा आणि शुऐबचा चढ

मृत समुद्राच्या काठावर एरवी माणसं पाण्यावर उताणी पडून वर्तमानपत्र वाचतात. त्या शुक्रवारी मात्र वर डोंगरातल्या सल्त शहराहून आलेली सगळी मंडळी विजेवर चालणाऱ्या एका पांढऱ्या गाडीत डोकी खुपसून उभी होती. पुढच्यांची डोकी खिडकीतून आत, मागच्यांच्या हनुवट्या पुढच्यांच्या खांद्यावर. ज्यांना काहीच दिसत नव्हतं ते सगळ्यात जास्त बोलत होते.

"किती दाखवतेय?"

"सहाशे चाळीस किलोमीटर."

"आणि सल्तहून निघताना?"

"तीनशे दहा. याच डोळ्यांनी पाहिलेत."

"म्हणजे गाडी चालली आणि वर रेंज वाढली?"

"वाढली काय म्हणतोस, दुप्पट झाली."

शेजारीच एक करडी गाडी उभी होती. तीच चिनी कंपनी, तेच मॉडेल, तेच वर्ष. तीही सल्तहून त्याच रस्त्यानं पांढरीच्या मागोमाग उतरली होती, पण तिच्या स्क्रीनवर जेमतेम तीनशे तीस होते. दोघींत फरक एकच. पांढरीच्या स्टिअरिंगखाली तांब्याच्या तारेत गुंडाळलेला एक काळा खडा चिकटवलेला होता.

सल्तहून निघण्याआधी गाडीचं दार लावून, मंत्र पुटपुटत तो चिकटवणारा इसम, हकीम शहवान, आता छत्रीखाली बसून खजूर खात होता. दोन वर्षांपूर्वी हाच गृहस्थ झर्काच्या बाजारात टकलावर केस उगवणारं तेल विकायचा आणि स्वतः भर उन्हाळ्यात लोकरी टोपी घालायचा. पण दुनिया बदलली तसा हकीमही बदलला. आता सल्तमध्ये दर दुसऱ्या दारात विजेची एसयूव्ही उभी असते. बैठकीत पूर्वी घोड्यांच्या गप्पा चालायच्या, त्या आता रेंजच्या, म्हणजे एकदा चार्ज केलेली गाडी किती पळते याच्या चालतात. "माझी चारशे देते." "चारशे? हिवाळ्यात हीटर लावून अम्मानला जाऊन ये, मग बोल." "त्याची मोठी आहे पण खाते किती, बकासुर आहे नुसती." माहितीपुस्तकात पाचशे छापलेले असत आणि आमच्या डोंगरात हाती लागत तीनशे. या मधल्या दोनशे किलोमीटरांच्या दुःखावर औषध घेऊन हकीम अवतरला होता.

"बॅटरी म्हणजे काय?" त्यानं बी थुंकून विचारलं. "बॅटरी म्हणजे उंटीण. उंटीण पाणी कुठं पिते? सखल जागी. आणि पृथ्वीच्या पाठीवर सगळ्यात सखल जागा कुठली?"

"ही," लोक म्हणाले.

"मग तुम्ही तिला डोंगरावर भिंतीतल्या भोकातून का पाजता? हा खडा या समुद्राच्या मिठात चाळीस वर्षं मुरलाय. यात आयन आहेत. आयन म्हणजे काय हे विचारू नका, समजायला आयुष्य जातं."

कुणीच विचारलं नाही. विचारलं ते भलतंच, आणि विचारलं हैफानं.

हैफा तिथून जवळच खोऱ्यातल्या ऐन-सिद्र गावी राहायची आणि मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. नवरा अकाबाच्या बंदरावर नोकरीला, घरी ती आणि सासू. नववा महिना लागला होता. पांढरी गाडी तिच्या बापाची होती. बापाचं नाव मुफ्लिह. त्यानं वीस वर्षं सैन्यात ट्रक चालवला होता. त्याला मुलगा नव्हता, म्हणून लोक त्याला लेकीच्या नावानं अबू हैफा, म्हणजे हैफाचा बाप, म्हणत, आणि त्याला त्याचा कोण अभिमान होता.

"हकीमसाहेब," हैफा म्हणाली, "गाडी उतारावरून आलीय. आता हीच गाडी वर सल्तला न्या आणि तिथं आकडा दाखवा."

"चढावर खडा काही देत नाही, बाई. तो तेव्हा जमवाजमव करतो," हकीम म्हणाला. "आणि जमवताना कुणी बघितलेलं त्याला खपत नाही. लाजाळू आहे." त्यानं पिशवीतून निळ्या मखमलीचं फडकं काढलं. "चढ लागला की स्क्रीनवर हे टाकायचं. घरी पोचेपर्यंत उचलायचं नाही."

"मग आकडा कमी झाला तर कळणार कसं?"

"कळायचं नसतंच. विश्वास ठेवायचा असतो." हकीम गर्दीकडे वळला. "बाई दोन जिवांची आहे, मी राग मानत नाही. पण अशा बाईच्या शंकेनं खड्याला बाधा होते. अबू हैफा, गाडी तुमची, खडा तुमचा. आता तुम्हीच काय ते बोला."

सगळ्या माना मुफ्लिहकडे वळल्या. बिचाऱ्याला वाटलं, आपली इज्जत पणाला लागली. त्यानं मिशी मुठीत धरली.

"या मिशीची शपथ, खडा खरा आहे. आजपासून पुढच्या शुक्रवारच्या सूर्यास्तापर्यंत या गाडीला मी वायर लावणार नाही."

गर्दीनं वाहवा केली आणि हकीमाच्या पिशवीतले खडे भराभर संपले. हैफा मात्र मनात दिवस मोजू लागली. तिचं बाळ पायाळू होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की कळा सुरू झाल्या की थेट सल्तच्या मोठ्या हॉस्पिटलला या, ऑपरेशन करावं लागेल, गावातल्या दवाखान्यात थांबू नका. आणि तिला वर नेणार होता तिचा बाप, याच गाडीतून.

"बाबा, मला न्यायला याल तेव्हा गाडी चार्ज करून या," ती हळूच म्हणाली.

"शपथ घेतलीय, पोरी. चारचौघांत."

"मग मोडा."

"आणि सल्तमध्ये तोंड कुठं लपवू?"

बापाची मूठ अजून मिशीवरच होती.

हा आठवडा हैफाला फार जड गेला. दिवस भरत आले होते, बाळ फिरायचं नाव घेत नव्हतं, आणि बाप रोज फोनवर खुशीत सांगायचा, "आजही वायर नाही लावली. पांढरी पळतेय." मध्येच एकदा म्हणाला, "आपल्या गल्लीतला जमाल आणि तो गालिबचा मोठा पोरगा, दोघांच्याही गाड्या ट्रकवर घालून आणाव्या लागल्या म्हणे. पंक्चर." हैफानं तेव्हाच मनात हिशेब केला. एकाच आठवड्यात, एकाच घाटात, खडा लावलेल्याच दोन गाड्यांना पंक्चर. तिनं तसं म्हटलं, तर बापानं विषय बदलला. कळा लागायच्या त्या नेमक्या शपथ संपायच्या शुक्रवारी लागल्या, अजून सूर्य मावळायचा होता तेव्हा. भर दुपारी.

सासूनं, म्हणजे उम्म रशादनं, आधी दवाखान्यात फोन लावला. तिथली एकुलती रुग्णवाहिका दुसऱ्याच कुणाला घेऊन गेली होती. शेजारीपाजारी नमाजला. तेवढ्यात मुफ्लिह पोचला, कारण लेकीच्या काळजीनं तो हकीमाकडून खडा पुन्हा मंतरून घेऊन आधीच सल्तहून निघाला होता.

"बघ," हैफाला पुढच्या सीटवर बसवताना तो म्हणाला, "दोनशे तीस किलोमीटर. सल्त कितीसं लांब? जाऊन येऊन जाऊन येऊ."

हैफानं मोठ्या आकड्याकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यातला छोटा आकडा शोधला. बॅटरी चौदा टक्के.

"बाबा, पंपावर वायर लावा. दहाच मिनिटं."

"मोठा आकडा दिसतोय ना?"

"मोठा आकडा अंदाज आहे. बॅटरी हा छोटा आकडा आहे. पाया पडते तुमच्या."

मुफ्लिहचा हात क्षणभर स्टिअरिंगवर थबकला. पंप आला, पंप गेला. त्यानं निळं फडकं स्क्रीनवर टाकलं. आडदांड माणूस होता, पण त्या दिवशी गाडी तो चालवत नव्हता. आठवड्यापूर्वी टाळ्या पिटणारी माणसं चालवत होती.

शुऐबची दरी सुरू झाली. दोन्ही बाजूंना कातळ, मधून पट्टीसारखा रस्ता, वळणामागून वळण. मोबाइलच्या रेघा एकेक करून गेल्या. निम्मा चढ चढल्यावर एसीची हवा कोमट झाली, मग बंदच पडली. बाहेर उन्हाची भट्टी लागली होती. कळ आली तशी हैफानं दरवाजाची मूठ आवळली.

"हवा का बंद केली?" उम्म रशादनं मागून विचारलं.

"मी नाही केली. खडा जमवाजमव करतोय."

"आमच्या जिवावर?"

गाडी सायकलच्या वेगावर आली. फडक्याखालून टुंग टुंग आवाज येऊ लागला. मुफ्लिहचा पाय तळापर्यंत दाबलेला होता आणि गाडी ऐकत नव्हती.

"फडकं काढा," हैफा म्हणाली.

"घरी पोचेपर्यंत..."

"खड्याला लाज आहे म्हणे," उम्म रशाद कडाडली, "माणसानं मात्र सगळी सोडली. काढ ते."

हैफानं स्वतःच ते ओढलं. किलोमीटरच्या जागी नुसत्या दोन रेघा. बॅटरी एक टक्का. आणि मधोमध पिवळं कासव, म्हणजे गाडीनं हात टेकल्याची खूण.

वळणावर थोडी सपाट जागा होती, तिथं गाडी थांबली. मागं दरी, पुढं चढ, वर तापलेली भिंत. नमाजची वेळ, त्यामुळं रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मुफ्लिह उतरून मोबाइल उंच धरून पुढं धावला, मागं धावला, परत आला. मग खड्याला हात लावून काहीबाही पुटपुटू लागला. हैफाला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. आपण इथंच, या पत्र्याच्या डब्यात, बाळासकट मरणार असं तिला स्पष्ट वाटलं. आणि त्याहून जास्त राग आला. एवढं सगळं ठाऊक असून आपण या गाडीत बसलो, याचा.

पण रागानं तिचं डोकं चालू झालं. वर जायला ताकद नाही, हे खरं. खाली जायला ताकद लागतेच कुठं?

"बाबा, गाडी वळवा."

"वळवून काय करू? संपलंय सगळं."

"एक टक्का आहे, वळण्यापुरता. खाली आपल्याला पृथ्वी नेईल. आणि नेता नेता बॅटरीही भरेल." तिनं वाकून खडा उपटला, तारेसकट, आणि खिडकीतून दरीत भिरकावला.

मुफ्लिहचा चेहरा असा झाला की जणू तिनं घराची किल्लीच फेकली. पण लेक कळवळत होती. त्यानं गाडी वळवली.

"आता स्टिअरिंगवरचं ते छोटं बटण दाबून धरा. मागच्या प्रवासाची सरासरी पुसायचं. धरा म्हणतेय ना."

त्यानं धरलं. आठवडाभर हैफाला एकच प्रश्न छळत होता: एकाच रस्त्यानं आलेल्या दोन सारख्या गाड्यांत दोन आकडे कसे? खड्यावर तिचा विश्वास नव्हता, पण खड्यावर अविश्वास दाखवून प्रश्न सुटत नव्हता. आता उत्तर समोर येत होतं. गाडी उतरू लागली. ब्रेकऐवजी मोटरच चाकांना आवरत होती आणि त्या आवरण्यातून वीज परत येत होती. बॅटरी एकाची दोन झाली. रेघांच्या जागी तीस किलोमीटर आले. पुढच्या वळणाला साठ. मग नव्वद.

"वाचा बाबा, मोठ्यानं."

"नव्वद," मुफ्लिह म्हणाला.

"बॅटरी?"

"दोन टक्के."

"खडा कुठंय?"

"दरीत."

"मग हे नव्वद कुणी दिले?"

मुफ्लिहनं स्टिअरिंगखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"गाडी बिचारी मागचा रस्ता बघून पुढचा अंदाज बांधते," हैफा कळ ओसरल्यावर म्हणाली. "जिना उतरणाऱ्याला विचारा, अजून किती मजले चालशील? म्हणेल शंभर. चढणाऱ्याला विचारा, तो शिव्या घालेल. करडीला आठवडेच्या आठवडे चढलेले डोंगर आठवत होते. तुमच्या पांढरीची आठवण हकीमानं पुसली. दार लावून, मंत्र पुटपुटत, हेच बटण धरून. मग तिला फक्त उतार दाखवला."

"आणि चढावर फडकं," उम्म रशाद मागून म्हणाली.

मुफ्लिह रडत होता. मिशीतून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "पोरी, एवढ्याशा आकड्यापायी मी तुला मारायला निघालो होतो," एवढंच तो म्हणाला.

पायथ्याशी, दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा रुग्णवाहिका परतली होती. तिनं हैफाला वर नेलं आणि संध्याकाळी ऑपरेशन होऊन मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं. मुफ्लिहनं ते उभ्यानं ऐकलं.

पुढं काय, तर काहीच नाही. इथंच खरी मेख होती. हैफा माहेरी सल्तला बाळंतपण काढत होती आणि गल्लीत खडे विकलेच जात होते. मुफ्लिह बोलत नव्हता. मिशीची शपथ घेऊन खरं म्हटलेलं खोटं कसं म्हणायचं? शिवाय हकीम आता कुळाच्या शेखांचा, अबू झय्यानांचा पाहुणा झाला होता. पाहुण्याला खोटा म्हणायचं म्हणजे यजमानाच्या ताटात थुंकणं. हैफा हे सगळं जाणत होती. दरीतून सुटलो खरे, पण सुटलोच नाही, असं तिला वाटे.

"बाबा, तुमची लेक वाचली कारण तिला वळता आलं," ती एका सकाळी म्हणाली. "उद्या दुसऱ्या कुणाची लेक असेल. तिला येईल वळता?"

त्यावर तो उठला, कोट चढवला आणि म्हणाला, "चल. बाळालाही घे."

अबू झय्यानांच्या घरी बैठक भरलेली होती. हैफा बाळाला घेऊन बायकांच्या खोलीत बसली, दार उघडं होतं. वेलचीच्या कॉफीचा छोटा पेला मुफ्लिहच्या हाती आला. त्यानं तो न पिता समोर जमिनीवर ठेवला. बैठकीतले सगळे त्या पेल्याकडे बघू लागले. दारी आलेला माणूस कॉफी पीत नाही याचा अर्थ त्याचं काही मागणं आहे, आणि ते पुरवल्याशिवाय यजमानाची सुटका नाही.

"पी, अबू हैफा," शेख म्हणाले. "जे मागशील ते दिलं."

"शब्द?"

"शब्द."

"माझी शपथ मला परत द्या. खडा खोटा आहे. मी तोंडघशी पडलोय आणि मला ते सगळ्यांसमोर सांगायचंय. बाकीचं माझी लेक सांगेल, ती शिकलेली आहे."

हकीम शहवान लोडाला टेकला होता, तो सावरून बसला. "शंकेनं खड्याला बाधा झाली असेल, मी आधीच म्हटलं होतं."

हैफा दारात आली. बाळ खांद्यावर झोपलं होतं. बोलायचं काय ते तिनं ठरवून ठेवलं होतं: उतार, चढ, बटण. पण बायकांच्या खोलीच्या खिडकीतून तिनं नुकतंच जे पाहिलं होतं, त्यापुढं ते सगळं तिनं राहू दिलं.

"हकीमसाहेब, अंगणात ती हिरवी गाडी तुमची?"

"माझी."

"खडा असेलच तिच्यात."

"पहिला खडा तिच्यातच."

"मग तिला वायर का लावलीय?"

कुणीतरी उठून खिडकीशी गेलं. मग दुसरा. स्वयंपाकघरातून काढलेली लांब काळी वायर अंगण ओलांडून हिरव्या गाडीच्या तोंडात गेली होती. आठ दिवस ती तशीच होती. पाहुण्याच्या घोड्याला चारा घालावा तशी शेखांची माणसं रोज ती इमानानं लावत होती. ती सगळ्यांनी पाहिली होती आणि कुणालाही दिसली नव्हती.

हकीमानं तोंड उघडलं. "आयन..." एवढं म्हणून तो पिशवी आवरू लागला.

"माझं ते पंक्चर नव्हतं," कोपऱ्यातून जमाल म्हणाला.

"माझंही," गालिबचा मोठा म्हणाला. "बायकोला सांगितलं खिळा घुसला."

मग एकेकाला कंठ फुटला. कुणी दरीत अडकलं होतं, कुणी गाडी ढकलत पंपावर नेली होती, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की फसलो तो फक्त आपणच. "पाहुणा आहे, म्हणून हात लावत नाही," शेख शेवटी म्हणाले. "वायर काढा. जेवढं भरलंय तेवढ्यात जाऊ दे त्याला." हकीम गेला. चढ लागल्यावर त्यानं काय केलं ते त्याचं त्याला ठाऊक.

"आता सांग, मास्तरीणबाई," शेख म्हणाले. "कुणाची गाडी किती देते ते कळायचं कसं?"

"ज्या दारातून निघालात त्याच दारात परत या," हैफा म्हणाली. "तोच रस्ता, एसी तसाच, माणसं तेवढीच, स्क्रीन उघडी. आणि मग किती वीज परत भरावी लागली ते पाहा. दोन गाड्यांची तुलना करायची असली तर दोघींना सारखंच वागवा. जो माणूस हे करू देत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नका. मग तो गाडीचा कारखानदार असो की हकीम."

एवढंच आहे. ते समजायला भौतिकशास्त्र लागत नाही, पण चारचौघांत 'मी फसलो' म्हणायला मात्र छाती लागते. ती मुफ्लिहनं दाखवली, म्हणून बाकीचे सुटले. तुमच्याकडंही कुणीतरी येईल, खडा घेऊन, नाहीतर आणखी काही घेऊन. उतारावर चमत्कार कुणालाही जमतो. त्याला हात जोडून सांगा, महाराज, आता एवढा चढ चढून दाखवा. आम्ही बघत उभे आहोत.